गेथशेमाने बागेंतील निद्रा

(अभ्यासपाठ : मत्तय २६:३१–४६, मार्क १३:३२–३७, १४:२७–७२)



ख्रिस्ती मनुष्यानें जागृत राहून प्रार्थना करावी, हा उपदेश तुम्हीं इतक्या वेळां ऐकला आहे कीं, तो आतां कानांवरून जातो, अंतःकरणांत उतरत नाहीं. आम्हीं तर तो तुमच्याहून पुष्कळ अधिक वेळां ऐकला आहे, आणि व्यासपीठावर उभे राहून केलाहि आहे. म्हणून या बाबतींत आमचा धोका तुमच्याहून मोठा. यास्तव या विषयावर सर्वसाधारण निबंध न लिहितां, ज्या एका रात्रीं हा उपदेश प्रभूच्या तोंडून निघाला आणि घटकाभरांत मोडला गेला, त्या रात्रीचाच तुमच्याबरोबर अभ्यास करावा असें आम्हीं योजिलें आहे. शास्त्र उघडून जवळ ठेवावें, वरील उतारे एकदां सावकाश वाचावे, आणि मग पुढें चलावें.

वल्हांडण सण नीसान महिन्यांतील पौर्णिमेच्या सुमारास येतो. अर्थात् त्या रात्रीं यरुशलेमाच्या पूर्वेकडील दरींत चांदणें असणार. भोजन व स्तोत्रगायन आटोपल्यावर प्रभु आपल्या अकरा शिष्यांसह किद्रोन ओहोळ ओलांडून जैतुनांच्या डोंगराच्या पायथ्याशीं आला. तेथल्या जागेचें नांव गेथशेमाने, म्हणजे तेलाचा घाणा. आठ शिष्यांस त्यानें एका बाजूस बसविलें, आणि पेत्र, याकोब व योहान यांस घेऊन तो पुढें गेला.

हे तिघेच कां? रविवारच्या शाळेंत याचें उत्तर ठरलेलें आहे : हे प्रभूचे जवळचे मित्र होते, याइराच्या घरांत व रूपांतराच्या डोंगरावरहि तेच बरोबर होते. उत्तर चूक नाहीं, परंतु पुरें नाहीं. मार्काच्या दहाव्या अध्यायांत याकोब व योहान वैभवांतील आसनें मागावयास आले, तेव्हां आपण जो प्याला पिणार तो त्यांच्यानें पिववेल काय, असें प्रभूनें त्यांस विचारलें, आणि त्यांनीं तत्काळ होकार दिला. पेत्रानें तर त्याच रात्रीं, बाकीचे सर्व अडखळले तरी आपण अडखळणार नाहीं, असें सर्वांदेखत सांगितलें होतें. म्हणजे हे तिघे केवळ जवळचे मित्र नव्हते. आपल्या धैर्यास आपणच जामीन राहिलेले असे ते तिघे होते. बागेंत ज्या प्याल्याविषयीं प्रभु भूमीवर पालथा पडून प्रार्थना करीत होता, तोच तो प्याला. आणि धोंड्याच्या टप्प्याइतक्या अंतरावर, तो पिण्यास तयार असलेले दोघे झोंपीं गेले होते.

त्यांस झोंप कां लागली? लूक वैद्य होता. निदान करण्याची त्याची संवय या ठिकाणीं दिसते. दुःखामुळें झोंप लागली, असें तो लिहितो. ज्या घरीं मरण झालें आहे त्या घरीं पहाटेच्या सुमारास माणसें बसल्या जागीं लवंडतात, हें आपण सर्वांनीं पाहिलेलें आहे. मनाची तयारी असली तरी शरीराचें बळ अपुरें आहे, या अर्थाचें जें वचन प्रभु त्या वेळीं बोलला, त्यांत पुष्कळ उपदेशक केवळ टोमणा पाहतात. आम्हांस त्यांत दया अधिक दिसते. तथापि दया आली म्हणून त्यानें आज्ञा मागें घेतली नाहीं. आणि लूकानेंच आपल्या नवव्या अध्यायांत लिहून ठेविलें आहे कीं, रूपांतराच्या डोंगरावरहि या तिघांचे डोळे झोंपेनें जड झाले होते. तेथें कांहीं दुःख नव्हतें. तेथें तेज होतें. तेजाच्या वेळीं डोळे जड झाले, दुःखाच्या वेळींहि जड झाले. तेव्हां सारा दोष प्रसंगावर टाकतां येत नाहीं.

मार्क आणखी एक बारीक गोष्ट सांगतो. तिसऱ्या अध्यायांत शिमोनास पेत्र हें नांव मिळाल्यापासून मार्काच्या शुभवर्तमानांत त्यास कोणीं शिमोन म्हणून हांक मारलेली आढळत नाहीं. या बागेंत मात्र प्रभु त्यास शिमोन म्हणतो. पेत्र म्हणजे खडक. निजलेल्या मनुष्यास खडक म्हणून कसें उठवावें?

आतां ‘जागे राहा’ या आज्ञेकडे वळूं. मूळ ग्रीक भाषेंत येथें जें क्रियापद आहे त्याच्याच कुळांतून ग्रेगोरी हें नांव निघालें. त्याचा अर्थ जागरूक. आपल्या गांवगाड्यांत पूर्वीं जागल्या असे. त्याचें नांवच त्याचें काम होतें. इतरांनीं निश्चिंत निजावें म्हणून तो जागे. आश्विनांतील कोजागरीचें नांवहि ‘कोण जागा आहे’ या प्रश्नावरूनच पडलें आहे. तेव्हां आपल्या देशास जागरणाची ओळख नव्यानें करून द्यावी लागत नाहीं. मात्र एक भेद ध्यानांत ठेवावा. जागल्या जागे तो बाहेरून येणाऱ्या चोरासाठीं. यहूदा शिपाई घेऊन येतो कीं काय, हें पाहण्यासाठीं प्रभूनें या तिघांस बसविलें नव्हतें. तो येणार हें प्रभूस ठाऊकच होतें. आपण परीक्षेंत पडूं नये म्हणून प्रार्थना करावी, असें त्यानें सांगितलें. पहारा ठेवावयाचा तो स्वतःच्या अंतःकरणावर, आणि तो पहारा हातांत काठी घेऊन नव्हे, तर प्रार्थना करून ठेवावयाचा. जागणें व प्रार्थना करणें हीं दोन कामें नाहींत.

याच संबंधानें मार्काचा तेरावा अध्याय अवश्य पाहावा. परदेशीं जाणाऱ्या घरधन्याचा दृष्टांत तेथें आहे. धनी केव्हां परत येईल हें चाकरांस माहीत नाहीं : संध्याकाळीं, मध्यरात्रीं, कोंबडा आरवतांना, कीं सकाळीं. हे रोमी रीतीचे रात्रीचे चार पहारे होत. आपणहि रात्रीचे चार प्रहर मानतों, आणि पहारा हा शब्द प्रहरावरूनच आला आहे. हा दृष्टांत सांगितला गेला तो जैतुनांच्या याच डोंगरावर. आणि एकांतीं तो ऐकण्यास कोण होते? पेत्र, याकोब, योहान आणि अंद्रिया. आतां पुढील अध्याय वाचीत चला. संध्याकाळ झाली तेव्हां प्रभु बारांसह भोजनास आला. नंतर रात्रीं बाग. ती मध्यरात्र असें मार्क शब्दानें म्हणत नाहीं, तरी तिची जागा तेथेंच पडते. मग कोंबडा आरवतो. मग पंधराव्या अध्यायाच्या आरंभीं सकाळ होते आणि प्रभूस बांधून पिलाताकडे नेतात. चारहि पहारे एकामागून एक येऊन गेले, आणि पाठ ज्यांनीं थोड्याच दिवसांपूर्वीं ऐकला होता, तेच त्यांत नापास झाले. तोंडपाठ असणें आणि समजणें यांतील अंतर शिक्षकास नवें नाहीं. पण आम्ही हा भाग वाचतों तेव्हां आमची दृष्टि विद्यार्थ्यांच्या बांकांकडे जात नाहीं.

मशाली दिसूं लागल्यावर पेत्र जागा झाला, आणि एकदम फार जागा झाला. त्यानें तरवार उपसून प्रमुख याजकाच्या दासाचा उजवा कान छाटला. तरवार चालविणारा पेत्र व तो दास मल्ख, हीं नांवें योहानानें दिलीं आहेत. पुढें कांहीं घटकांनींच, त्याच याजकाच्या वाड्याच्या अंगणांत कोळशांच्या विस्तवापाशीं शेकत असतां, एका दासीच्या प्रश्नानें हाच शूर मनुष्य थरारला, आणि प्रभूस आपण ओळखत नाहीं असें म्हणाला. पूर्वीं आम्ही हीं दोन भिन्न पापें समजत असूं. एक उतावळेपणाचें, दुसरें भित्रेपणाचें. आतां तीं दोन्ही आम्हांस एकाच झाडाचीं फळें वाटतात. ज्यानें प्रार्थना केली होती तो त्या गोंधळांत शांतपणें बोलत होता, शिष्यांस जाऊं द्या म्हणून सांगत होता, शत्रूचा कान बरा करीत होता. ज्यानें केली नव्हती त्याचा हात तरवारीकडे गेला, आणि तरवार उपयोगी नाहीं असें दिसतांच पाय पळाले. अंगणांतील हार आधींच बागेंत झाली होती.

येथें आमची स्वतःची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. ती सांगितल्यावांचून पुढील मजकूर लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. बऱ्याच वर्षांपूर्वीं एका वसतिगृहाची देखरेख आमच्याकडे होती. सहामाही परीक्षेचे दिवस होते. रात्रीं उत्तरपत्रिका तपासाव्या, पहाटे घंटा झाली कीं प्रार्थनेस उभें राहावें, असा क्रम चालला होता. प्रार्थना आम्हीच चालवीत असूं. शब्द बिनचूक येत, कारण दररोज तेच शब्द येत. त्या आठवड्यांत एकांतीं गुडघे टेकल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. अशा एका सकाळीं खानावळीच्या खर्चाचे पैसे जागेवर नाहींत असें आढळलें. आदल्या सायंकाळीं एक मुलगा आमच्या खोलींत येऊन गेला होता. घरचा गरीब, स्वभावानें अबोल. आम्हीं क्षणभरहि न थांबतां सर्व मुलांदेखत त्यास त्याची ट्रंक उघडावयास लाविलें. तींत दोन सदरे, एक पांघरूण, शाळेचीं पुस्तकें आणि आईचें एक पत्र निघालें. पैसे दुपारीं आमच्याच हजेरीपटांत सांपडले. तेथें ते आम्हींच ठेविले होते.

सायंप्रार्थनेच्या वेळीं आम्हीं सर्वांसमक्ष त्याची क्षमा मागितली. तो खालीं पाहून इतकेंच म्हणाला, “असूं द्या, सर.” त्या वसतिगृहांत कोणीहि मुलगा ट्रंकेस कुलूप लावीत नसे. दुसऱ्या दिवसापासून त्यानें लावलें, आणि शाळा सोडीपर्यंत तें काढलें नाहीं. मल्खाचा कान प्रभूनें स्पर्श करून बरा केला. आमच्या तरवारीनें जें तुटलें तें आम्हांस जोडतां आलें नाहीं. आणि लक्षांत घ्या, त्या सकाळीं आम्ही निजलेले नव्हतों. पहाटेपासून उभे होतों, प्रार्थनाहि म्हटली होती.

मग जागृत मनुष्याची प्रार्थना कशी असते? जुन्या करारांत याचें उत्तम उदाहरण नहेम्याचें आहे. शूशन नगरांत तो पारसाच्या राजाचा प्यालेबरदार होता. किसलेव महिन्यांत यरुशलेमाच्या मोडलेल्या तटाची बातमी त्यास लागली, आणि तेव्हांपासून तो उपास व प्रार्थना करूं लागला. त्याचा उतरलेला चेहरा पाहून राजानें प्रश्न केला तो नीसान महिन्यांत, म्हणजे सुमारें ४ महिन्यांनीं. राजाचा प्रश्न आणि नहेम्याचें उत्तर यांच्या मध्यें त्यानें स्वर्गींच्या देवाची प्रार्थना केली, असें शास्त्रांत लिहिलें आहे. ती किती वेळाची असेल? समोर राजा उत्तराची वाट पाहत आहे. फार तर एका श्वासाची. अशा एका श्वासाच्या प्रार्थनेची पुष्कळ जण स्तुति करितात, आणि ती आम्हांसहि प्रिय आहे. परंतु तिच्या मागें ते ४ महिने उभे आहेत हें विसरतां कामा नये. प्रश्नपत्रिका हातीं पडल्यावर जी प्रार्थना तुम्ही करितां तिच्या मागें काय उभें असतें, हें तुमचें तुम्हांस ठाऊक! पुढें तट बांधीत असतां शत्रूंनीं कट केला, तेव्हां नहेम्या व त्याचे लोक यांनीं प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराहि बसविला. पहारा बसविला म्हणून प्रार्थना सोडली नाहीं; प्रार्थना केली म्हणून पहारा उठविला नाहीं. तट ५२ दिवसांत पुरा झाला.

विद्यार्थ्यास याचा उपयोग कसा करितां येईल, याविषयीं अनुभवाच्या दोन-चार गोष्टी सांगतों. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर आरंभिलेली प्रार्थना बहुधा आमेनपर्यंत पोहोंचत नाहीं. झोंप येत असेल तर उभें राहावें, चालावें, हलक्या आवाजानें शब्द उच्चारावे. उलट पक्षीं, सारी रात्र जागरण करून दुसऱ्या दिवशीं गणिताच्या तासास डुलक्या घेणारे भक्तहि आम्हीं पाहिले आहेत. त्यांच्या भक्तीविषयीं आम्हांस आदर आहे, पण गणिताच्या शिक्षकांस तो वाटत नाहीं. प्रभूनें पेत्रापाशीं एका घटकेचा हिशेब मागितला होता, सबंध रात्रीचा नव्हे. मुख्य गोष्ट ही कीं, येणाऱ्या दिवसाचें नांव घेऊन प्रार्थना करावी. आज आपणांस कोण भेटणार, कोणत्या ठिकाणीं आपली जीभ सैल सुटते, कोणत्या मंडळींत आपण खोटें हंसतों, कोणाविषयीं मनांत अढी आहे, हें सारें सकाळींच देवासमोर उघड करावें. त्या मुलाचें नांव आम्हीं त्या आठवड्यांत एकदां जरी प्रार्थनेंत घेतलें असतें, तरी त्याची ट्रंक उघडविणें आम्हांस इतकें सोपें गेलें नसतें.

आणि शक्य तोंवर एकट्यानें पहारा करूं नये. प्रभूनेंहि सोबत मागितली. १७२७ सालीं जर्मनींतील हेर्नहुत गांवीं मोरेव्हियन मंडळींतील २४ पुरुष व २४ स्त्रिया यांनीं दिवसरात्रीचे तास आपसांत वांटून घेतले. प्रत्येकानें एक तास प्रार्थना करावी, आणि एकाचा तास संपला कीं दुसऱ्यानें बसावें. ही सांखळी शंभराहून अधिक वर्षें चालली, आणि १७३२ सालीं त्याच लहानशा गांवांतून मिशनरी वेस्ट इंडीज बेटांकडे निघाले. आपल्या महाराष्ट्रांत पंडिता रमाबाईंनीं केडगांव येथील मुक्तिसदनांत १९०५ च्या जानेवारींत प्रार्थनेचा असाच एक मेळा आरंभिला. प्रथम सुमारें ७० जणी जमत असत. त्याच वर्षीं जूनमध्यें तेथें मोठी आत्मिक जागृति झाली, आणि तिची हकीकत अनेकांनीं लिहिली आहे. आम्हांस मात्र त्या जूनपेक्षां पुढचीं वर्षें अधिक मननीय वाटतात. १९२२ च्या एप्रिल महिन्यांत रमाबाई वारल्या. तोंवर मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून संपूर्ण पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर त्यांनीं हातावेगळें केलें होतें, आणि तें मुक्तिसदनाच्याच छापखान्यांत छापलें गेलें. शब्दामागून शब्द तपासीत, दुखण्यांत आणि म्हातारपणांत, वर्षानुवर्षें तेंच काम करीत राहणें याला आम्ही जागरण म्हणतों.

शेवटीं पुन्हां पेत्राकडे येऊं. प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय उघडा. हेरोद राजानें याकोबास तरवारीनें मारविलें. बागेंतील तिघांपैकीं एकानें आपला प्याला अशा रीतीनें घेतला. मग बेखमीर भाकरीच्या सणांत, म्हणजे गेथशेमानेच्याच दिवसांत, राजानें पेत्रास धरून तुरुंगांत टाकिलें, आणि चार-चार शिपायांच्या चार टोळ्या त्याच्यावर ठेविल्या. रात्रीच्या चार पहाऱ्यांचे ते १६ शिपाई असावेत असें आम्हांस वाटतें. उद्यां त्यास लोकांपुढें आणावयाचें. याकोबाचें जें झालें तेंच त्याचें होणार, हें उघड होतें. आणि पेत्र दोन शिपायांच्या मध्यें, दोन सांखळ्यांनीं जखडलेला, झोंपला होता! इतका गाढ, कीं दूतास त्याच्या कुशींत मारून त्यास उठवावें लागलें. झोंप तीच, मनुष्यहि तोच. परंतु पहिली झोंप भयाच्या आधींची होती, ही भय संपल्यानंतरची.

त्या रात्रीं जागत होते ते दुसरेच. मार्क हें उपनांव असलेल्या योहानाची आई मरिया, तिच्या घरीं पुष्कळ लोक जमून पेत्रासाठीं प्रार्थना करीत होते. दार वाजलें, तेव्हां रुदा नांवाची एक दासी कानोसा घेण्यास गेली. तिनें पेत्राचा आवाज ओळखला. याजकाच्या अंगणांत एका दासीनें त्यास ओळखलें होतें, आणि भोवतालच्यांनीं त्याच्या बोलण्यावरून त्यास पकडलें होतें. येथेंहि दासीच, आणि बोलणेंच. आनंदाच्या भरांत ती दार न उघडतांच आंत धांवली. आंतील मंडळींनीं तिला वेडी ठरविलें. ज्याच्या सुटकेसाठीं रात्रभर देवाचा धांवा चालला होता, तो दाराशीं आला आहे हें त्यांच्यापैकीं एकासहि खरें वाटेना. तो पेत्र नसेल, त्याचा दूत असेल, असा वाद आंत चालला होता. आणि बाहेर, रस्त्यावर, पेत्र दार ठोठावीतच उभा होता.